रस्त्याला फक्की मारणारे गोविंदराव

गोविंदरावांना कधीही बघा, माणूस कुठल्या तरी कार्यक्रमाला निघालाय असंच वाटतं. पांढरा सदरा, पांढरी विजार, खिशाला पेन, कपाळाला टिळा. कार्यक्रम नसतो. कपडे असतात. दुपारी म्हशीला पाणी पाजतानाही ते याच वेषात असतात आणि म्हैस त्यांच्याकडे ज्या नजरेनं बघते, तीच नजर गावातल्या पुष्कळ लोकांची आहे. फरक इतकाच की म्हैस लपवत नाही.

आमच्या धामणखेडच्या सरपंच सिंधूताई. गोविंदराव त्यांचे यजमान. ताई निवडून आल्या त्या दिवसापासून यजमानपण हेच त्यांनी स्वतःचं पद मानलं. जीपच्या काचेवर लाल अक्षरांत 'सरपंच' लिहून घेतलं, जीप मात्र तेच चालवतात. कुणी सरपंचांना भेटायला आलं की ओट्यावर तेच बसतात आणि आत हाक देतात, "अवं, सही कराले ये!" तोंडावर लोक त्यांना गोविंदराव म्हणतात. पाठ वळली की गोविंदा.

कामाबद्दल त्यांचं एक तत्त्व आहे. पानटपरीवर ते ऐकायला मिळतं, न विचारता.

"काम कसं पाह्यजे? दिसलं पाह्यजे! लोकाईले नाई दिसलं, तर केलं काय अन नाई केलं काय, एकच ना बापा!"

या तत्त्वावर गावात बरंच काही उभं आहे. शाळेची रस्त्याकडची भिंत दरवर्षी रंगते, मागची भिंत पोपडे टाकत बसते. स्मशानाला झोकदार कमान आहे, आत शेड नाही, त्यामुळे पावसाळ्यात मेलेल्या माणसाचं स्वागत छान होतं आणि पुढं सगळे भिजतात.

पण गोविंदरावांची खरी ओळख करून घ्यायची तर रस्त्याचं सांगायला हवं.

गावापासून सोनाळा रोडवरच्या फाट्यापर्यंतचा आमचा रस्ता कच्चा आहे, आणि तो काळ्या मातीवर आहे. ही माती कापसाला आई आणि रस्त्याला सवत. उन्हाळ्यात तिला अशा भेगा पडतात की चप्पल आत गेली तर काठीनं काढावी लागते. पाणी प्याली की ती फुगते, वर उचलते, मऊ होते आणि जे अंगावर येईल ते धरून ठेवते. नाल्याजवळ रस्ता खोलगट होतो, तिथं तर विचारू नका. त्या तुकड्याला गाव 'फसण' म्हणतं. दरवर्षी फसणीत मुरूम पडतो, दरवर्षी गोविंदराव ट्रॉलीशेजारी उभं राहून फोटो काढतात आणि दरवर्षी पोळ्यापर्यंत मुरूम खाली गेलेला असतो, माती वर आलेली असते.

फसणीपायी पावसाळ्यात एसटी गावात येत नाही. आणि एसटी येत नाही म्हणून गेल्या वर्षी गावातल्या दोन पोरींचं कॉलेज सुटलं.

यंदा पाळी समताची होती. समता ही बौद्धवाड्यातल्या बनाबाईची लेक, जळगाव जामोदला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. बनाबाई रोजानं निंदायला जाते. तिनं लेकीला स्वच्छ सांगितलं होतं.

"बस गावात येते तोवर कॉलेज. फाट्यावरून अंधारात एकटी पोरगी चालत येणार नाई. मी वावरातून येऊ का तुले आणाले?"

"अन बस बंद झाली तर?"

"तर कॉलेज बंद. मले डबल बोलाले लावू नको."

एसटीच्या माणसानं सिंधूताईंना शब्द दिला होता. आषाढात चांगला पाऊस झाला की बस एकदा गावात आणून बघू. फसणीतून निघाली तर पावसाळाभर चालू. अडकली तर दिवाळीपर्यंत फाट्यावरूनच.

म्हणजे समताचं कॉलेज फसणीच्या दोनेकशे पावलांवर येऊन थांबलं होतं.

सिंधूताई बोलतात कमी. बुलडाण्याला सरपंचांचं प्रशिक्षण झालं, तिथून त्या एक गोष्ट शिकून आल्या. घरी येताच त्यांनी काळ्या मातीचे दोन गोळे केले. एकात चुना मिसळून मळला, एक तसाच ठेवला. चार-पाच दिवस ओल्या फडक्याखाली राहू दिले आणि मग काचेच्या दोन ग्लासांत पाणी घेऊन एकेक गोळा सोडला. साधा गोळा बघता बघता विरघळून तळाला बसला. चुन्याचा गोळा तसाच्या तसा.

तेवढ्यात गोविंदरावांचा प्रवेश.

"चहाच्या ग्लासात माती? काऊन? पाहुणे आले तर काय माती पाजतं?"

"रस्त्याचं पाहून राह्यले. माती वीतभर उखराची, ढेकळं फोडाची, चुना टाकून चांगला कालवाचा. पाणी मारून दाबाची, चार दिवस ओली ठेवाची. मग वरून मुरूम. बाजूनं नाल्या. मग ते फुगत नाई."

"रस्ता अन ग्लासात!" गोविंदराव हसले. "सरपंचबाई, रस्ता रस्त्यावर होत असते."

त्यांचं हसणं ऐकून शेजारचे दोघं हसले, कारण शेजाऱ्यांना त्यांच्या जीपमधून बाजाराला जायचं होतं.

ताईंनी पंचायत समितीत किती खेटे घातले ते त्यांनाच माहीत. वैशाखात चुन्याच्या पोत्यांचा ट्रक आला, फसणीपुरता. पोती गोविंदरावांच्या गोठ्यात, त्यांच्या ट्रॅक्टर-ट्रॉलीशेजारी उतरली. गुलाम रसूलभाईंकडे ट्रॅक्टर आणि त्याला जोडायचा, माती उखरणारा रोटावेटर होता, त्यांना दिवस सांगून झाला. आणि नेमकं त्याच आठवड्यात ताईंना दोन दिवसांच्या बैठकीला बुलडाण्याला जावं लागलं.

त्या दोन दिवसांत गोविंदरावांच्या आयुष्यातला मोठा क्षण आला. रस्त्याच्या भूमिपूजनाला पुढारी येणार असा निरोप आला. कोण पुढारी ते जाऊ द्या. मोठे होते. गोविंदराव त्यांना 'साहेब' म्हणतात, आणि म्हणताना पोट आत घेतात.

सकाळी रसूलभाई रोटावेटर जोडून आले.

"भाऊ, फसणीपासून लावू का?"

"काय लावू?"

"रोटावेटर. ताईनं सांगतलं होतं, आज उखराचं म्हणून."

"अबे, उद्या साहेब येऊन राह्यले, अन तू आज रस्ता उखरून ठेवतं? साहेब काय म्हणतीन? गावाले रस्ता नाई म्हणतीन!"

रसूलभाईंनी ट्रॅक्टर बंद केला. "भाऊ, भूमिपूजन कशाचं आहे?"

"रस्त्याचं."

"मंग रस्ता नाई म्हणूनच तर येऊन राह्यले ना?"

"तुले नाई समजत."

"नाई समजत, हे बराबर. चुना तरी मिसळून घ्या. पोती उघडी पडली, हवा लागून खराब होईन."

"चुना वाया जाणार नाई. त्याचं पाहतो मी."

आणि त्यांनी पाहिलं. हे सांगताना आजही हात कपाळाकडे जातो. त्या माणसानं मातीत कालवायला आणलेल्या चुन्याची रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फक्की मारली. गावापासून फाट्यापर्यंत. दोरी धरून, सरळ रेघेत, कबड्डीच्या मैदानाला मारतात तशी, फक्त हातभर रुंद. मजूर वाकून चुना सोडत होते आणि गोविंदराव मागून ओरडत होते, "जाड! जाड सोड! गाडीतून दिसली पाह्यजे!"

रेघा झाल्या तरी पोती उरली. मग बाभळींना कमरेपर्यंत चुना. मैलाच्या दगडाला चुना. शाळेच्या त्याच त्या भिंतीला पुन्हा चुना. म्हशीच्या खुंट्याला चुना. एक म्हातारा शेताच्या धुऱ्यावर, बांधाला बिडी ओढत बसला होता, तो उठून लांब गेला. म्हणाला, "बसलो तर मलेही मारतीन."

तरीही पोती उरलीच. ती फसणीत रिकामी केली, फावड्यानं वरच्या वर पसरली. पलंगपोस अंथरावा तशी फसण पांढरीशुभ्र झाली. मधून लाल मुरमाचा पातळ पट्टा. फोटो छान आला, हे मान्य करायला हवं.

साहेब आले. फाट्यावर मंडप होता, तिथंच कोनशिला होती. नारळ फाट्यावरच फुटला. साहेब चार वाक्यं बोलले, त्यातल्या एकात आमच्या गावाचं नाव चुकलं. मग घड्याळ बघितलं, गाडी वळली आणि गेली. धामणखेडच्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचं चाक काही पडलं नाही.

"साहेबांनी रस्ता पाह्यला," गोविंदराव संध्याकाळी टपरीवर सांगत होते. "दुरून पाह्यला. पाहून मान हालवली."

"वर-खाली का आडवी?" कुणीतरी विचारलं.

"मोठ्या माणसाची मान आहे. हालली हे महत्त्वाचं."

दुसऱ्या दिवशी सिंधूताई बसनं परत आल्या. फाट्यापासून खिडकीतून सगळं बघत आल्या होत्या. बस फसणीत थांबवून तिथंच उतरल्या. गोविंदराव शाबासकी घ्यायला तिथंच उभे होते.

"चुना कुठं आहे?"

"कुठं म्हणजे? डोये नाई का तुले? जिकडं पाहशीन तिकडं आहे."

"तो मातीत कालवाचा होता."

"मातीवरच तर आहे! पाऊस आला की आपोआप कालवते. पाण्यानं नाई कालवत का? आमच्या लहानपणी भिंतीले चुना..."

ताई खाली बसल्या. बोटानं चुन्याचा थर बाजूला केला. खाली माती जशीच्या तशी होती, काळी, कोरडी, भेगाळलेली. त्यांनी बोट पदराला पुसलं आणि गावाकडे चालायला लागल्या. गोविंदराव मागून, "अवं, जीप आहे ना, बस!" म्हणत राहिले. त्या बसल्या नाहीत.

रोटावेटर तेव्हाही चालला असता, पण कालवायचं काय? निम्मा चुना बाभळींना लागला होता. ताई पुन्हा पंचायत समितीत गेल्या. 'एकदा दिला ना?' असं ऐकून परत आल्या. दिवाळीनंतर बघू, म्हणाले.

पुढं पाऊस झाला. बाजूच्या रेघा वाहून नाल्यात गेल्या, दोन दिवस नाला दुधाचा दिसत होता. फसणीतला चुना चिखल होऊन वर राहिला, आणि त्याच्या खाली माती नेहमीसारखी फुगून मऊ झाली. बसचा निकाल लागेपर्यंत बनाबाईनं लेकीला पायी जाऊ दिलं होतं. चप्पल हातात घेऊन फसण ओलांडणाऱ्या पोरींचे पाय चरचरायला लागले. समताच्या बोटांमधली कातडी सोलली. बनाबाईनं तेल लावता लावता गोविंदरावांचा जो उद्धार केला तो इथं लिहिता येण्यासारखा नाही. त्यातली निम्मी नातीही मला ठाऊक नव्हती.

आणि मग ठरल्याप्रमाणे बस आली.

गोविंदराव फाट्यावरच बसमध्ये चढले. "मी स्वतः बसतो," म्हणाले. ड्रायव्हरशेजारी, पुढं, पांढऱ्यात. मागं समता आणि कॉलेजच्या पाच-सात पोरी. फसणीच्या गावाकडच्या काठावर सिंधूताई, बनाबाई आणि कामं सोडून आलेलं अर्धं गाव.

बस फसणीच्या तोंडाशी थांबली. ड्रायव्हरनं खिडकीतून मान बाहेर काढली.

"हे पांढरं काय आहे हो?"

"चुना! ट्रीटमेंट केली आहे," गोविंदराव म्हणाले. "बिनधास्त टाका गाडी. माही गॅरंटी."

"तुम्ही कोण?"

"मी सरपंच... म्हणजे, सरपंचाचा."

ड्रायव्हरनं त्यांच्याकडे बघितलं, फसणीकडे बघितलं आणि पहिला गिअर टाकला. पुढची चाकं गेली. पोरींनी 'हो!' केलं. समता उभी राहून दांडा धरून पुढं बघत होती, जणू ती बघते आहे म्हणून बस चालणार होती. मधोमध आली आणि मागची चाकं फिरायला लागली. नुसतीच. पांढरा चिखल काळा होऊन उडाला. बस एका अंगावर हळूच बसली, म्हैस बसते तशी, घाई न करता.

गोविंदराव उतरले ते गुडघ्यापर्यंत. एक बूट आत राहिला. तो शोधायला वाकले, तर हात कोपरापर्यंत गेला. अशा अवस्थेत माणूस गप्प बसतो. हे नाही बसले.

"पोरी बसल्या म्हणून वजन झालं!" ते ओरडले. "रिकामी असती तर निंघाली असती!"

"मालक," ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "पोरींसाठीच तर बस आहे ना?"

रसूलभाईंनी ट्रॅक्टरनं बस मागं ओढून काढली. दोर बांधताना ते एकच वाक्य बोलले. "भाऊ, मान हालली बघा. आडवी." काठावरचे लोक पोट धरून हसले. बनाबाई हसली नाही. एसटीच्या माणसानं सिंधूताईंना सांगितलं, "ताई, आता फाट्यापर्यंतच. दिवाळीनंतर पाहू." बनाबाईनं चिखलातून येणाऱ्या समताच्या खांद्यावरची बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली.

"चाल. झालं कॉलेज."

 समता आईच्या मागून चालायला लागली. एवढ्या लोकांसमोर रडायचं नाही असं तिनं ठरवलं असावं, कारण ती आभाळाकडे बघत चालत होती आणि दोनदा ठेचकाळली.

दोन दिवसांनी शाळेच्या वर्गात ग्रामसभा झाली. गोविंदरावांनी इस्त्रीचे कपडे घातले होते. सभेच्या अध्यक्ष सिंधूताई, पण बोलायला हे उभे राहिले. सगळा दोष त्यांनी नीट वाटून दिला. माती खराब. ड्रायव्हर नवा. पाऊस अवेळी, आषाढातला. चुना हलका.

बनाबाई मागून उठली.

"गोविंदराव, माती माह्या आज्यापासून हेच आहे. पाऊसही तोच. ड्रायव्हरनं तर इचारलं होतं तुमाले. नवे तुम्हीच आहा."

वर्गात खसखस पिकली.

"बनाबाई, राजकारण आणू नका..."

"राजकारण गेलं चुलीत. माह्या पोरीचं काय ते सांगा. परवापर्यंत ते कॉलेजात होती. आज माह्यासंगं निंदाले आली. तिच्या हाताले इळा दिला मी. मले कसं वाटलं असन?"

वर्ग गप्प झाला. गोविंदरावांना शांतता सहन होत नाही. शांतता दिसली की त्यांना तिथं भाषण भरावंसं वाटतं. त्यांनी छातीवर हात ठेवला आणि आवाज चढवला.

"समता माही पोरगी नाई का? आं? हा गोविंदराव जिता आहे तोवर ह्या गावातली एकही पोरगी घरी बसणार नाई! माहा ट्रॅक्टर काऊन आहे? पूजा कराले? मी स्वतः, स्वतः पोरीईले फाट्यावर नेईन अन स्वतः घेऊन येईन! रोज! बस फुटो नाईतर तुटो!"

हात वर करून ते थांबले. असली वाक्यं टाळ्यांसाठी असतात. टाळ्या होतात, लोक घरी जातात आणि वाक्य वर्गातच राहतं, हे त्यांना अनुभवानं माहीत होतं. पण टाळी वाजवली ती सिंधूताईंनी, सगळ्यांच्या आधी. मग रसूलभाईंनी. मग सगळ्या वर्गानं, इतकी की बाकं हलली. गोविंदराव फुलले.

"ठरलं मग," ताई म्हणाल्या. "उद्या सकाळी साडेसहाले. बस सातची आहे."

"उद्या?"

"उद्या सोमवार आहे. कॉलेज आहे."

"हाव, म्हणजे... एखादा ड्रायव्हर ठेवू. पोरगा पाहतो मी..."

"तुम्ही 'स्वतः' म्हणले. तीनदा म्हणले. सगळ्याईनं ऐकलं." ताई बनाबाईकडे वळल्या. "चालते ना तुमाले?"

बनाबाईनं गोविंदरावांना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. बाजारात बैल बघतात तसं, आणि हा बैल घ्यावा लागणार हे कळल्यावर होतो तसा तिचा चेहरा झाला.

"हा माणूस शब्दाचा पक्का नाई," ती म्हणाली. "पण तुम्ही घरात आहा, म्हणून धाडतो."

लोक पुन्हा टाळ्या वाजवायला लागले. गोविंदरावांना त्या थांबवता येईनात. त्यांनी हात जोडले.

तेव्हापासून रोज सकाळी गोविंदराव ट्रॅक्टर काढतात. काढतात म्हणजे ताई त्यांना उठवतात. पहिल्या दिवशी पांढऱ्या कपड्यांत आले, फसणीतून काळे होऊन परतले. आठवड्याभरात बनियन आणि जुनी लुंगी आली. ट्रॉलीला त्यांनी स्वतःच्या फोटोचा फ्लेक्स बांधलाय, 'कन्यांसाठी मोफत सेवा'. चिखल उडून फोटोतला चेहरा पहिल्याच दिवशी झाकला गेला, आणि पोरी तो पुसत नाहीत. ट्रॅक्टरच्या चाकांनी फसणीतल्या चाकोऱ्या आणखी खोल झाल्यात. ताई म्हणतात होऊ द्या, दिवाळीनंतर सगळं उखरायचंच आहे. नव्या चुन्याला मंजुरी मिळाली आहे, आणि पोती रसूलभाईंच्या घरी उतरायची आहेत.

गोविंदरावांना मात्र वाटतं, ही योजना त्यांचीच. परवा फाट्यावर बस उभी होती, पोरी ट्रॉलीतून उड्या मारत होत्या. समता शेवटी उतरली.

"काय गं," गोविंदराव वरून म्हणाले, "तुह्या कॉलेजच्या सराईले सांगतलं का, कोण आणून सोडते म्हणून?"

"सांगतलं काका."

"मग? काय म्हणे?"

"म्हणे, गावात बस काऊन येत नाई?"

गोविंदरावांनी ट्रॅक्टरचा आवाज उगाच वाढवला. "मग तू काय सांगतलं?"

समता बसच्या पायरीवर चढली होती. तिनं पायाचा चिखल पायरीच्या कडेला खरवडला आणि मागं वळून बघितलं.

"ते तुमाले संध्याकाळी सांगतो. तुम्ही वेळेवर या. काल अर्धा तास उभं ठेवलं."

बस गेली. त्या संध्याकाळी बस फाट्यावर आली तेव्हा ट्रॅक्टर आधीच येऊन उभा होता आणि गोविंदराव लुंगी सावरत, कुणी विचारलं नसताना, कंडक्टरला सांगत होते की ते केव्हाचे आलेत.